कालिदासाकडून इटालियन सिंफनीकडे

नागपूरहून पन्नासेक किलोमीटरवरचं रामटेक म्हणजे कालिदासाच्या ‘मेघदूता’तला रामगिरी, असं परंपरा मानते. त्याच कालिदासाच्या शकुंतलेवर फ्रांको अल्फानो या इटालियन संगीतकाराने ऑपेरा रचला आणि १९२१ मध्ये तो बोलोन्यात रंगमंचावर आला. पुच्चिनीचा अपुरा राहिलेला ‘तुरांदोत’ हा ऑपेरा पूर्ण करणारा अल्फानो तो हाच. दुसऱ्या महायुद्धात शकुंतलेची स्वरलिपी नष्ट झाली असं समजून त्याने ती पुन्हा लिहिली. मूळ प्रत थेट २००५ मध्ये सापडली!

याच अल्फानोने सिंफनीही लिहिल्या, पण त्या फारशा ऐकल्या जात नाहीत. इटली म्हटलं की ऑपेराच आठवतो, आणि निव्वळ वाद्यवृंदासाठी झालेलं सुंदर काम झाकोळून जातं.

जुझेप्पे मार्तुच्चीचंच बघा. या माणसाने एकही ऑपेरा लिहिला नाही. त्याच्या दोन सिंफनींपैकी दुसरी, १९०४ ची, अवश्य ऐकावी. गुस्ताव माहलरने २१ फेब्रुवारी १९११ रोजी न्यूयॉर्कमध्ये आयुष्यातली शेवटची मैफल संचालित केली, तिच्यात मार्तुच्चीचा पियानो कन्चेर्तो होता.

नवख्याने मात्र सुरुवात रेस्पीगी या इटालियन संगीतकाराच्या ‘पाइन्स ऑफ रोम’पासून करावी. १९२४ च्या या रचनेत तिसऱ्या भागाच्या शेवटी नाइटिंगेल पक्ष्याचं ध्वनिमुद्रित गाणं वाजतं, तेही भर मैफलीत, वाद्यांच्या सोबतीने! मग रोमन सैन्याची पावलं दुरून हळूहळू जवळ येत जातात. इथे हेडफोनपेक्षा मोठे स्पीकर हवेत.