होळकरांची ड्यूसेनबर्ग

1930च्या दशकातली 320 अश्वशक्तीची गाडी, आणि मालक इंदूरचे महाराज यशवंतराव होळकर! चासी-इंजिन अमेरिकेतल्या ड्यूसेनबर्गचं, ‘एसजे’ मॉडेल. नारिंगी-काळी, दोन आसनांची बॉडी लंडनच्या गर्नी नटिंगची. 6.9 लिटरच्या इंजिनात आठ सिलिंडर एका ओळीत. सुपरचार्जरचा पंखा त्यांत हवा दाबून कोंबतो. हवा जास्त, म्हणून पेट्रोलही जास्त जळतं. सुपरचार्जरविना हेच इंजिन 265 अश्वशक्तीवर थांबायचं. 1937मध्ये कंपनीच बंद पडली, त्यामुळे नग मोजकेच. संग्राहक आधी चासी, इंजिन, बॉडी सुरुवातीपासून एकत्र आहेत का, ते क्रमांक आणि कागदपत्रं लावून बघतात. बॉडी मागाहून चढवली असेल तर भाव पडतो. कारण मग गाडी पूर्णपणे मूळची राहत नाही.