स्वच्छ पाणी आणि तयार पाणी

गप्पी झाले, मॉली झाल्या. गोल्डफिश आले आणि बहुतेक आपल्याच चुकीने गेले. एंजलफिशच्या जोडीने अंडी घातली तेव्हा ग्रुपवर फोटो टाकून मिरवूनही झालं. आता घरातला गोड्या पाण्याचा टँक तुम्ही डोळे मिटून सांभाळता. आणि मग एके रात्री दीड वाजता फोनवर ती रील येते. निळसर प्रकाश, डुलणारी समुद्रफुलं आणि त्यांत लपाछपी खेळणारा नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांचा क्लाउनफिश, म्हणजे आपला ‘निमो’. झालं! आता खाऱ्या पाण्याचा टँक करायचाच.

करा की. जरूर करा. फक्त त्याआधी माझी फजिती ऐका.

कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला असताना मीही हेच केलं. शनिवारी टँक भरला, मीठ विरघळवलं, फिल्टर सुरू केला. पाणी काचेसारखं नितळ दिसत होतं. मंगळवारी दोन छोटे क्लाउनफिश आणून सोडले. चार वर्षं मासे पाळल्याचा माज होताच. रविवारी सकाळी पाहिलं तर एक जण पृष्ठभागाशी तोंड वासून धापा टाकत होता. सोमवारी दोघंही गेले. टेस्ट किट मी त्यानंतर आणला. पाण्यात अमोनिया भरपूर होता. आई म्हणाली, ‘‘अरे, पाणी तर स्वच्छ होतं ना?’’

पाणी स्वच्छ होतं. तयार नव्हतं. हा फरक समजायला मला दोन जीव लागले. तुम्हाला लागू नयेत, म्हणून हा सगळा प्रपंच.

मनुका आणि कैरीची फोड

पहिला प्रश्न, खाऱ्या पाण्यातला मासा वेगळा कसा? उत्तर स्वयंपाकघरात आहे. मनुका साध्या पाण्यात टाकल्या की फुगतात. कैरीच्या फोडींना मीठ लावलं की पाणी सुटतं. गोड्या पाण्यातला मासा त्या मनुकेसारखा. बाहेरचं पाणी सतत त्याच्या शरीरात शिरतं आणि ते लघवीवाटे बाहेर टाकणं हे त्याचं दिवसभराचं काम. त्याला पाणी प्यायची गरजच जवळपास पडत नाही. समुद्रातला मासा कैरीच्या फोडीसारखा. त्याच्या अंगातलं पाणी सतत बाहेर जात असतं. म्हणून तो समुद्राचं पाणी पितो आणि जास्तीचं मीठ कल्ल्यांतून बाहेर टाकतो. म्हणजे तुम्ही बनवलेलं पाणी हे त्याचं घरही आहे आणि पेयही. त्यात थोडाही गोंधळ झाला तर तो थेट त्याच्या पोटात जातो.

मीठ कुठलं, पाणी कुठलं?

समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. पण म्हणून डब्यातलं मीठ चालत नाही. समुद्राच्या पाण्यात सोडियम क्लोराइडबरोबर मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम असं बरंच काही असतं. त्यासाठी मत्स्यालयाचं खास ‘मरीन सॉल्ट’ मिळतं, तेच घ्या. ते कायम वेगळ्या बादलीत विरघळवा आणि रिफ्रॅक्टोमीटरने मोजा. विशिष्ट गुरुत्व १.०२५च्या आसपास हवं. डोळ्यांनी किंवा जिभेने अंदाज घ्यायचा नाही.

‘समुद्र तर दहा मिनिटांवर आहे, चार कॅन भरून आणू,’ असं मुंबई-रत्नागिरीकरांना वाटणारच. पण किनाऱ्यालगतच्या पाण्यात सांडपाणी, तेल, गाळ काय काय मिसळलेलं असेल ते आपल्याला दिसत नाही. नळाचं पाणीही नको. त्यातलं क्लोरीन माशांना बाधतं आणि फॉस्फेट, नायट्रेट असलं तर शेवाळाला मेजवानी मिळते. आरओचं पाणी वापरा. घरच्या आरओमध्ये कधी कधी चवीसाठी साधं पाणी परत मिसळलेलं असतं, म्हणून टीडीएस मीटरने एकदा तपासा. आकडा शून्याच्या जितका जवळ तितका बरा.

टँक मात्र फार छोटा घेऊ नका. खर्च वाचेल असं वाटतं, पण थोड्या पाण्यात प्रत्येक चूक मोठी होते. दोन फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच म्हणजे साधारण १२५ लिटर. सुरुवातीला हा आकार ठीक. पण नुसतं पाणीच सव्वाशे किलोच्या वर जातं, तेव्हा हॉस्टेलच्या डुगडुगत्या टेबलाचा विचार सोडून द्या. दर आठवड्याला दहा टक्के पाणी बदलायचं म्हटलं, तर महिन्याला जवळपास दोन किलो मीठ लागेल. हा खर्च एकदाचा नाही, कायमचा आहे. पॉकेटमनीचं गणित आधीच मांडा.

विरजण लागू द्या

आता मुख्य गोष्ट. माशाच्या विष्ठेतून, कल्ल्यांतून आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया तयार होतो. तो विषारी. काही जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, तेही विषारीच. दुसरे जिवाणू नायट्राइटचं नायट्रेट करतात, ते त्यामानाने निरुपद्रवी. नव्या टँकमध्ये हे जिवाणू जवळपास नसतातच. ते वाळूवर, दगडांवर, फिल्टरमध्ये हळूहळू वस्ती करतात. त्याला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. या काळात टँकमध्ये मासा नको. चिमूटभर खाद्य टाकायचं आणि दर दोन-तीन दिवसांनी टेस्ट किटने मोजत राहायचं. आधी अमोनिया चढतो, मग नायट्राइट. दोन्ही शून्यावर आले आणि नायट्रेट दिसू लागलं, की पाणी तयार झालं.

‘पण गोड्या पाण्यातही हेच असतं की!’ बरोबर. तिथे आपण जुन्या फिल्टरचा स्पंज नव्या टँकमध्ये टाकून वेळ वाचवतो. इथे ती युक्ती चालत नाही. गोड्या पाण्यात वाढलेले जिवाणू एकदम खाऱ्यात गेले की बहुतेक कामातून जातात. शिवाय समुद्राच्या पाण्याचा पीएच ८.१ ते ८.४ असतो आणि पीएच वाढला की तोच अमोनिया जास्त घातक होतो. म्हणजे गोड्या पाण्यात खपून गेलेली घाई इथे खपत नाही.

मध्येच वाळूवर तपकिरी थर चढेल. घाबरू नका, ते डायटम. काही आठवड्यांत जातात. टँक रिकामा करून धुवायला घेऊ नका. दही लावल्यावर आपण दर तासाला भांडं ढवळतो का?

पाणी उडतं, मीठ उरतं

गोड्या पाण्यातून येणारा जवळजवळ प्रत्येक जण इथे चुकतो. टँकमधलं पाणी कमी झालं की मिठाचं पाणी ओततो. पण वाफ होते ती फक्त पाण्याची. मीठ टँकमध्येच राहतं. म्हणून भर घालायची ती साध्या आरओ पाण्याची. काचेवर चिकटपट्टी लावून पातळीची खूण करा आणि रोज तिथपर्यंत भरा.

तापमान २४ ते २७ अंश सेल्सिअस हवं. आपल्या उन्हाळ्यात ते टिकवणं सोपं नाही. पृष्ठभागावर छोटा पंखा लावला तर पाणी दोन-तीन अंशांनी उतरतं, पण वाफही वाढते, म्हणजे भर घालणं आलंच. खाऱ्या पाण्यात प्राणवायू गोड्यापेक्षा कमी विरघळतो, तेव्हा लाइट गेल्यावर कामाला येईल असा बॅटरीवरचा एअर पंप घरात असू द्या.

कोणाला आणायचं?

क्लाउनफिशच. पण टँकमध्ये जन्मलेला. आपल्याकडे केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने क्लाउनफिशच्या पैदाशीचं तंत्र कधीच बसवलंय. दुकानदाराला स्पष्ट विचारा, ‘ब्रीड केलेला आहे की समुद्रातून पकडलेला?’ फिलिपिन्स-इंडोनेशियाच्या प्रवाळांत मासे गुंगवून पकडायला सायनाइड फवारल्याचे प्रकार घडलेत. तसा मासा दुकानात ठणठणीत दिसतो आणि घरी येऊन मरतो. ‘डोरी’चा, म्हणजे निळ्या टँगचा मोह आवरा. तो फूटभर वाढतो, दोन फुटी टँकमध्ये त्याची कोंडी होते.

समुद्रफूलही लगेच नको. त्याला मुरलेला टँक आणि तीव्र प्रकाश लागतो. क्लाउनफिश त्याच्याशिवाय मजेत राहतो. आणि सगळ्यात महत्त्वाचं, दगडी प्रवाळ, सी-फॅन, समुद्रघोडे यांना आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे. कोणी ‘गुपचूप देतो’ म्हणालं तर दुकानातून बाहेर पडा. सजावटीला सिरॅमिकचे सच्छिद्र दगड पुरतात. जिवाणूंना राहायला जागा हवी, ती कोणाच्या सांगाड्यातच हवी असं नाही.

शेवटचा हिशेब तुम्हीच करा. नीट सांभाळलेला क्लाउनफिश दहा वर्षांहून जास्त जगतो. म्हणजे तुमची डिग्री, पहिली नोकरी, कदाचित दुसरं शहर, सगळं बघून होईल त्याचं. तुम्ही बाहेरगावी गेलात तर रोज भर कोण घालणार? हे घरच्यांशी आधी बोला. उत्तर मिळत नसेल तर गोड्या पाण्याचा टँक काही वाईट नाही.

उत्तर मिळालं, तर लागा कामाला. सहा आठवडे तुमच्या घरात दगड, वाळू आणि पाणी एवढंच दिसेल. मित्र येतील, काचेला नाक लावतील आणि विचारतील, ‘‘अरे, मासे कुठायत?’’

त्यांना सांगा, ‘‘थांब. अजून लागतंय.’’