एका आज्ञेमागचे कष्ट

कर्करोगाच्या गाठीवर किरणांचा झोत सोडला की शरीरात काय घडतं, हे संगणकावर पाहायचं तर एकेका फोटॉनचा माग काढावा लागतो. तो कुठे आदळला, किती ऊर्जा देऊन गेला, कुठे वळला, हे पावलोपावली संभाव्यतेच्या नियमांनी ठरवायचं आणि असे कोट्यवधी फोटॉन सोडायचे. रुग्णाच्या सीटी स्कॅनचे बारीक घन पाडून कुठे हाड, कुठे फुप्फुस, कुठे स्नायू याची घनता आधीच भरून ठेवलेली असते. शेवटी गाठीला किती मात्रा मिळाली आणि शेजारच्या मज्जारज्जूला किती, याचा नकाशा हाती येतो. ही माँटे कार्लो पद्धत.

या कामाचा पाया म्हणजे ‘जिआंट-४’. सर्न प्रयोगशाळेभोवती जमलेल्या आंतरराष्ट्रीय गटानं मुळात कणभौतिकीसाठी रचलेला हा संच डिसेंबर १९९८मध्ये बाहेर आला. त्याच्यावर ‘गेट’ उभं आहे. २००४मध्ये सर्वांसाठी खुलं झालेलं गेट आधी पेट आणि स्पेक्ट स्कॅनरांच्या अभ्यासासाठी होतं. सहाव्या आवृत्तीत सीटी आणि किरणोपचारही त्यात आले. दोन्ही विनामूल्य, दोन्हींचा सोर्स कोड खुला.

तरी ते हाताशी येणं सोपं नव्हतं. गेट बसवायचं तर आधी जिआंट-४ कंपाइल करा, त्याआधी योग्य कंपायलर आणि कोडची बांधणी करणारं ‘सीमेक’ जमवा, जोडीला माहितीच्या विश्लेषणासाठी सर्नचंच ‘रूट’ आणा. गेटच्या प्रत्येक आवृत्तीचं जिआंट-४च्या ठरावीक आवृत्तीशीच जमतं. कणांच्या आंतरक्रियांचे आकडे वेगळ्या फाइलींत असतात. त्या उतरवून घेऊन त्यांचा पत्ता एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये नोंदवायचा. एक पत्ता चुकला, की खटपटीनं कंपाइल केलेला प्रोग्रॅम सुरू होताच बंद पडतो. भात शिजवायला बसलेल्याला आधी चुलीच्या विटा भाजायला लावण्यासारखं हे होतं.

अशी खटपट एकदा कुणीतरी नीट करून ठेवावी आणि बाकीच्यांना तयार माल मिळावा, हा विचार घेऊन जर्मन भौतिकशास्त्रज्ञ आंद्रेआस टिले यांनी २००२मध्ये ‘डेबियन मेड’ सुरू केलं. १९९३पासून चाललेल्या डेबियन या लिनक्स प्रणालीच्या आतलाच हा गट. वैद्यक आणि जीवशास्त्राला लागणारं खुलं सॉफ्टवेअर तो पॅकेज करतो. टिले पुढे २०२४मध्ये साऱ्या डेबियनचे प्रकल्पप्रमुख म्हणून निवडून आले.

पॅकेज म्हणजे नुसती झिप फाइल नसते. मूळ कोडशेजारी ‘डेबियन’ नावाचं छोटं फोल्डर असतं आणि सारी कारागिरी तिथे असते. ‘कंट्रोल’ फाइलीत हे सॉफ्टवेअर कशाकशावर अवलंबून आहे त्याची यादी. ‘कॉपीराइट’ फाइलीत कुठल्या फाइलीवर कुणाचा हक्क आणि कुठला परवाना, याची नोंद. ती अपुरी असली की पॅकेज परत येतं. प्रतिमांवर प्रक्रिया करणाऱ्या ‘आयटीके’चं उदाहरण घ्या. त्याच्या मूळ कोडमध्ये डायकॉम, म्हणजे वैद्यकीय प्रतिमांच्या प्रमाण स्वरूपातल्या, फाइली वाचणाऱ्या लायब्ररीची स्वतःची प्रत येते. पॅकेज सांभाळणारा मेंटेनर ती बाजूला ठेवून प्रणालीतली सामाईक लायब्ररी जोडून देतो. त्या लायब्ररीत उद्या सुरक्षेची त्रुटी सापडली, तर दुरुस्ती एकाच जागी होते आणि तिच्यावर विसंबलेल्या सगळ्यांना लाभते. हे काम बहुतेक स्वयंसेवक करतात, आणि ते नीट झालं की कुणाच्या लक्षातही येत नाही.

वापरणाऱ्याला दिसते ती एक आज्ञा. ‘एपीटी इन्स्टॉल मेड-इमेजिंग’ म्हटलं, की वैद्यकीय प्रतिमांची निवडक साधनं एकत्र येतात. डेबियनमध्ये असलेला ‘ऑर्थँक’ हा डायकॉम सर्व्हर बेल्जियममधल्या लिएजच्या विद्यापीठ रुग्णालयात सेबास्टियन जोडोन्य यांनी उभा केला. त्यासाठी त्यांना २०१४चा फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनचा पुरस्कार मिळाला. साध्या संगणकावर एक्स-रे, सीटी, एमआरआयच्या फाइली साठवण्याची आणि पाठवण्याची सोय त्यानं करून दिली.

गेटच्या गटानंही बसवण्याच्या सोप्या वाटा काढल्या. ‘व्हीगेट’ नावानं उबुंटूसकट अख्खा आभासी संगणकच दिला, ज्यात सगळं आधीच बसवलेलं. मग डॉकरच्या प्रतिमा आल्या. आता पायथनवर नव्यानं बांधलेलं दहावं गेट ‘पिप इन्स्टॉल ओपनगेट’ एवढ्यावर येतं.

सोपं बसतं म्हणून कुठलंही सॉफ्टवेअर उपचाराला लावता येत नाही. रुग्णाची योजना आखणाऱ्या प्रणालीला नियामकांची मान्यता लागते. गेट संशोधन, शिक्षण आणि पडताळणीसाठी आहे. पण तिथेच पॅकेजचं खरं मोल आहे. मात्रेचा एक आकडा मुंबईत निघाला आणि तोच ल्योंमध्ये पडताळायचा असेल, तर दोन्हीकडे तीच आवृत्ती, त्याच लायब्ररी आणि तेच आकडे हवेत. आवृत्ती नोंदलेली असली की फरक भौतिकीत आहे की बसवण्यात, हे शोधता येतं. आणि ज्या विभागात संगणकतज्ज्ञ नाही, तिथली मेडिकल फिजिक्सची विद्यार्थिनीही संगणकाशी झुंजण्याऐवजी किरणांचा विचार करू शकते.

म्हणून प्रबंधात सॉफ्टवेअरच्या नावाशेजारी आवृत्ती लिहावी, पॅकेज करणाऱ्यांचा उल्लेख करावा, आणि काही बिघडलं तर कुरकुरत बसण्यापेक्षा नीट तपशिलासह त्रुटी कळवावी. कोड लिहिता न येणाऱ्यालाही एवढा हातभार लावता येतो, आणि हे काम अशाच हातभारांवर टिकून आहे.