गिटारीसाठीं लाकूड कसें निवडावें?

आपल्या शिरूर-दौंड भागांतील मंडळ्यांच्या उपासनेंत पेटी-तबल्याच्या जोडीस आतां गिटारही ऐकूं येते, आणि ती आपल्या हातानें करून पाहावी अशी हौस कित्येक विद्यार्थ्यांस वाटते. ही हौस स्तुत्य होय. परंतु त्यांचा पहिला प्रश्न असतो, “सर्वांत उत्तम लाकूड कोणतें?” हा प्रश्नच बरोबर नाहीं. गिटारीच्या प्रत्येक भागाचें काम निराळें आहे, यास्तव “कोणत्या कामास कोणतें लाकूड?” असें विचारलें पाहिजे.

प्रथम वरची फळी घेऊं. तारेचा कंप घोडीवाटे या फळीस पोंचतो, फळी हवेस हलविते, आणि तोच नाद आपणांस ऐकूं येतो. म्हणून ती वजनानें हलकी, पण ताठ असावी. आंतोनियो दे तोरेस या स्पॅनिश कारागिरानें १८६२ सालीं एक गिटार केली. तिची पाठ व बाजू कागदाच्या लगद्याच्या होत्या, वरची फळी मात्र स्प्रूस लाकडाची. नादाचा मुख्य भार वरच्या फळीवरच असतो, हें त्यानें अशा रीतीनें दाखवून दिलें.

स्प्रूस हा थंड प्रदेशांतील वृक्ष. आपल्याकडे तो होत नाहीं. त्याच्याऐवजीं यंत्रसामानाच्या जुन्या खोक्यांची देवदारी फळी पाहावी. तींत गांठ नसावी, रेषा सरळ व दाट असाव्यात, आणि टोकाकडून पाहिलें असतां वर्षवलयांच्या रेषा उभ्या दिसाव्यात. अशी फळी कमी वाकते. बोटानें ठोकल्यास स्वच्छ नाद निघाला तर ती घ्यावी. बद्द आवाज आला तर सोडून द्यावी. रंधून तिची जाडी अडीच ते तीन मिलिमीटर ठेवावी.

दांडीचें काम याच्या उलट आहे. तिनें हलावयाचें नाहीं, ताण सोसावयाचा आहे. सहा पोलादी तारांचा एकूण ताण सुमारें ७० किलोग्रॅम, म्हणजे एका प्रौढ मनुष्याच्या वजनाइतका असतो. येथें सरळ रेषांचा जुना साग चांगला. मात्र साग तेलकट असल्यामुळें सरस लावण्यापूर्वीं सांध्याची जागा ताजी तासून घ्यावी. बोटें जेथें तार दाबतात ती पट्टी झिजूं नये म्हणून शिसवीची करावी. ती न मिळाल्यास बाभळीची. आपल्या गाड्यांचीं चाकें व नांगर जिनें पिढ्यान् पिढ्या पुरविले, तिचा कठीणपणा कोणास ठाऊक नाहीं?

लाकूड कोणतेंही असो, तें वाळलेलें पाहिजे. ओलें लाकूड वाळतांना लांबींत फारसें घटत नाहीं, रुंदींत घटतें. म्हणून पावसाळ्यांत चिकटविलेली ओली फळी वैशाखांत तडकते, आणि मुलाचे पैसे व महिन्यांचे श्रम एका दुपारीं व्यर्थ जातात. एक इंच जाडीस सावलींत एक वर्ष, असा सुतारांचा ढोबळ हिशेब आहे. जुन्या दाराची चौकट किंवा मोडकी खाट हा हिशेब पुरा करून बसलेली असते. शिवाय तिच्यासाठीं झाड तोडावें लागत नाहीं. १९६४ च्या कायद्यान्वयें साग, आंबा इत्यादि झाडें परवानगीवांचून तोडतांही येत नाहींत.

कामाप्रमाणें वस्तु निवडण्याचें हें शहाणपण आपणांस परकें नाहीं. मिरजेचे कारागीर तंबोऱ्याची दांडी व तबली तुणीच्या लाकडाची करतात, आणि खालीं पंढरपूर-मंगळवेढ्याकडील शेतांतला भोपळा बसवितात. भोपळा शिसवीहून स्वस्त, पण त्या जागीं तोच योग्य. त्या सतारीस व तंबोऱ्यास २०२४ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें.

पहिल्या राजांच्या पुस्तकाच्या दहाव्या अध्यायांत सांगितलें आहे कीं, ओफिराहून आलेलें मौल्यवान लाकूड शलमोनानें मंदिराच्या बांधकामास लावलें, आणि त्याचींच गाणाऱ्यांसाठीं वाद्येंही केलीं. आपल्याजवळ ओफीर नाहीं. खोक्याची फळी, चौकटीचा साग आणि बांधावरची बाभूळ आहे. प्रत्येकीस तिचें काम नेमून दिलें, तर तेवढ्यानेंही स्तुतिगीतास उत्तम साथ होईल.