खोट्या ‘नो’ची तीन दशकं

मार्च २०२४ मध्ये फायली आवळणाऱ्या एक्सझेड या साधनातलं कारस्थान उघडकीस आलं, तेव्हा चर्चा झाली ती त्यात लपवलेल्या चोरवाटेची. मला सलत राहिलं ते त्याच भानगडीतलं एक टिंब. लिनक्समध्ये लँडलॉक ही सुरक्षेची सोय आहे का, हे तपासणाऱ्या चिमुकल्या प्रोग्राममध्ये ते ठेवून दिलेलं होतं. त्यामुळे तो प्रोग्राम कधी कंपाइलच होईना, आणि बिल्डची तयारी करणाऱ्या सीमेकचा निष्कर्ष ठरलेला: लँडलॉक नाही. कर्नलमध्ये ती सोय २०२१ पासून आहे! बिल्ड मात्र बिनतक्रार पूर्ण व्हायचं.

टिंब ठेवणाऱ्याला आमची सवय पक्की ठाऊक असणार. अशा खोट्या ‘नो’वर आमची अख्खी पिढी पोसली गेली आहे.

सिस्टिममध्ये कोणत्या सोयी आहेत हे तपासणारी ‘कॉन्फिगर’ ही स्क्रिप्ट तयार करणारं ऑटोकॉन्फ १९९१चं. युनिक्सच्या नाना तऱ्हा, तेव्हा सिस्टिमचं नाव विचारत बसण्यापेक्षा सोय वापरूनच बघा, हा विचार शहाणपणाचा होता. नव्वदच्या दशकाबद्दल लोक उगाच गहिवरतात. ते मी सोडून देतो. माझा हिशेब त्यापुढच्या दशकाशी आहे.

आम्ही इंटेलच्या मशिनवर बसून एआरएम बोर्डांसाठी कोड बांधायचो. चाचणीचा प्रोग्राम इथे चालणं शक्यच नव्हतं. मग ऑटोकॉन्फ वाईटातलं वाईट धरून चालायचं: मेमरी मागून घेणारं मॅलॉक हे फंक्शन बिघडलेलं आहे. त्याच्या जागी ‘आरपीएल_मॅलॉक’ मागायचं, आणि ते बहुतेक वेळा कुणी लिहिलेलंच नसायचं. लिंकर शेवटच्या टप्प्यावर बोंबलायचा. उतारा काय, तर उत्तर ‘येस’ असं आधीच भरून द्यायचं, परीक्षेआधी गुणपत्रिका! ज्येष्ठांकडे जावं तर ते शांतपणे म्हणायचे, “अरे, कॉन्फिगर नाही म्हणतंय ना? मग नसेल.” चाचण्यांचा तपशील जिथे नोंदला जातो तो कॉन्फिग.लॉग त्यांच्यापैकी एकानेही उघडल्याचं मला आठवत नाही.

२०११ मध्ये फ्रीबीएसडीच्या विकासशाखेला १० हा क्रमांक मिळाला आणि कहरच झाला. लायब्ररी बांधायला मदत करणाऱ्या लिबटूलमध्ये ‘फ्रीबीएसडी१*’ असा साचा होता, १९९३ सालच्या पहिल्या आवृत्तीसाठी. दहाचा आकडाही एकनेच सुरू होतो. झालं! ताज्या सिस्टिमला पुराणकालीन ठरवून शेअर्ड लायब्ररी बांधायलाच नकार. मूळ लिबटूल दुरुस्त करूनही भागेना, कारण त्याची जुनी प्रत पॅकेजागणिक चिकटलेली. शेवटी काहींनी सिस्टिमलाच आपण नऊ आहोत असं खोटं बोलायला लावलं.

पुढे कंपायलर कडक झाले. जाहीर न केलेलं फंक्शन वापरणं ही एक्सकोड १२ मध्ये, मग क्लँग १६ आणि जीसीसी १४ मध्ये चूक ठरली, आणि हेडर न घेता एक्झिट वापरणाऱ्या जुन्या चाचण्या गुपचूप ‘नो’ म्हणू लागल्या. फेडोरा लिनक्सच्या मंडळींनी जीसीसी १४ येण्याआधीच पॅकेजं चाळून अशा जागा हुडकल्या, हे त्यांचं मोठेपण.

पण सोय नाही म्हणून चाचणी फसली, की चाचणीचाच कोड मोडका, हे कॉन्फिगर पडद्यावर अजूनही सांगत नाही. ते कॉन्फिग.लॉगमध्ये असतं, आणि हल्लीचे बिल्ड सर्व्हर काम उरकताच तोही कंटेनरसकट पुसून टाकतात.