उतावळा म्हणजे नक्की कोण?

संगणकाच्या पडद्यावर बाण उमटतो. डावीकडचा असेल तर डावं बटण, उजवीकडचा असेल तर उजवं, आणि तेही झटपट. पाच-दहा बाणांत बोटांना लय सापडते. तेवढ्यात बाणापाठोपाठ एक शिट्टी वाजते. शिट्टी वाजली की बटण दाबायचं नाही. पण बोट तर निघालेलं असतं! कधी ते आवरतं, कधी नाही.

ऑफ स्टंपबाहेरच्या चेंडूवर निघालेली बॅट शेवटच्या क्षणी मागे घेणारा फलंदाज आठवा. ही चाचणी त्या क्षणाची आहे. तिचं गणित गॉर्डन लोगन आणि विल्यम कोवन यांनी 1984 साली मांडलं. अडचण मोठी गमतीची होती. बटण दाबायला किती वेळ लागला ते घड्याळ सांगतं, पण न दाबायला किती लागला हे कोण सांगणार? थांबण्याची काही खूणच उरत नाही. म्हणून त्यांनी डोक्यात शर्यत लावली. बाण दिसताच ‘दाब’ धावत सुटतो, शिट्टी ऐकून ‘थांब’ त्याच्यामागे पळतो, आणि जो आधी पोचेल त्याचं चालतं.

साधारण दर चार बाणांमागे एकदा शिट्टी वाजते. थांबणं जमलं की पुढची शिट्टी बहुधा 50 मिलिसेकंद उशिरा वाजवतात, फसलं तर तेवढीच लवकर. असं करत करत माणूस निम्म्या वेळा थांबतो आणि निम्म्या वेळा चुकतो, अशा जागी येतो. तिथे शर्यत बरोबरीत सुटते. मग उरते वजाबाकी. बटण दाबायला सरासरी 450 मिलिसेकंद लागत असतील आणि शिट्टी बाणानंतर सरासरी 230 मिलिसेकंदांनी वाजत असेल, तर थांबायला 220 लागले. निरोगी तरुणांमध्ये हा आकडा बहुधा 200 ते 250च्या घरात असतो. एडीएचडी, म्हणजे लक्ष न टिकणं आणि अतिचंचलता, असलेल्या मुलांच्या गटाची सरासरी इतर मुलांहून जास्त भरते.

उतावळेपणा मोजण्याची दुसरी रीत सरळ विचारण्याची. अर्नेस्ट बॅरट यांनी 1959 पासून घडवत आणलेल्या प्रश्नावलीची 1995ची आवृत्ती आजही सर्रास वापरली जाते. तीस विधानं, प्रत्येकाला 1 ते 4 गुण. म्हणजे 30 ते 120च्या मध्ये कुठेतरी तुमचा उतावळेपणा.

पण उतावळेपणा कोणता? स्टीफन व्हाइटसाइड आणि डोनाल्ड लायनम यांनी 2001 मध्ये अशा अनेक प्रश्नावल्या एकत्र चाळल्या, तेव्हा त्यांतून चार वेगळ्या गोष्टी निघाल्या. मला यात नवल वाटलं नाही, कारण मराठीत या चार माणसांना आपण कधीच एका नावानं हाक मारत नाही. रागाच्या भरात राजीनामा फेकणारा भडक डोक्याचा. विचार न करता उडी घेणारा अविचारी. हाती घेतलेलं अर्ध्यावर टाकणारा धरसोड्या. आणि थरारासाठी जीव धोक्यात घालणारा धाडसी. गुडघ्याला बाशिंग बांधणारा नवरा यांतल्या कुणातच नीट बसत नाही. त्याला फक्त वाट पाहवत नाही.

त्याच्यासाठीही चाचणी आहे. आज 54 डॉलर घ्याल, की 117 दिवसांनी 55? असे 27 प्रश्न विचारून, उद्याच्या पैशाची किंमत तुमच्या मनात किती वेगानं घसरते ते काढतात. इथे मात्र जपून बोलावं लागतं. अमेरिकेतल्या रोचेस्टर विद्यापीठात 28 लहान मुलांवर झालेला मार्शमॅलोचा प्रयोग 2013 मध्ये प्रसिद्ध झाला. समोरची मार्शमॅलोची गोळी लगेच न खाता थांबलं, तर दुसरी मिळणार होती. ज्या मुलांना आधी दिलेला शब्द पाळला गेला ती दुसऱ्या गोळीसाठी सरासरी 12 मिनिटं थांबली. ज्यांच्या बाबतीत शब्द मोडला ती जेमतेम 3 मिनिटं. या दुसऱ्या मुलांना उतावळं म्हणायचं की शहाणं?

खरी पंचाईत पुढे आहे. मेलिसा सायडर्स यांनी सहकाऱ्यासोबत 2011 मध्ये आधीचे अभ्यास गोळा करून पाहिलं, की प्रश्नावलीतला उतावळा प्रयोगशाळेतही उतावळा निघतो का. दोहोंतला सहसंबंध 0.1च्या आसपास भरला. म्हणजे जवळजवळ नाहीच. प्रश्नावली तुमच्या वर्षानुवर्षांच्या सवयी विचारते, आणि चाचणी बंद खोलीतली वीस मिनिटं पाहते, तीही तुम्ही मन लावून खेळत असताना. शिवाय शिट्टीच्या चाचणीसारखे प्रयोग गटागटांतला फरक छान दाखवतात, पण एकट्या माणसाबद्दल ठाम सांगायला फारसे भरवशाचे नाहीत.

जस्टिन स्ट्रिकलंड आणि मॅथ्यू जॉन्सन यांनी तर 2021 मध्ये मानसशास्त्रानं उतावळेपणाची ही एकत्रित संकल्पनाच सोडून द्यावी, असं लिहिलं. मला ते पटतं. घरी बोलताना शब्द खुशाल वापरा. पण मुलाच्या तपासणी अहवालात ‘उतावळेपणा जास्त’ एवढंच लिहून आलं, तर कोणती चाचणी घेतली होती ते आधी विचारून घ्या.