होडीचे इंजिन आचके का देते?

मासेमारीची एक लहान होडी खाडीच्या मुखाकडे निघाली आहे असे समजा. मागच्या बाजूला टांगलेले जुने इंजिन मंद गतीने छान चालले आहे. मुखाशी लाटा उंच होतात, म्हणून नाखवा वेग वाढवतो. नेमके त्याच वेळी इंजिन एक-दोन आचके देते आणि बंद पडते. होडी आडवी झाली आणि लाट बाजूवर आदळली, तर ती उलटू शकते. म्हणूनच हा प्रश्न केवळ गैरसोयीचा नाही, जिवाचाही आहे.

होडीबाहेर टांगण्याचे असे इंजिन नॉर्वेत जन्मलेल्या ओले एव्हिनरूड यांनी अमेरिकेत मिलवॉकी येथे १९०९ साली विक्रीस आणले. त्याची शक्ती होती अवघी दीड अश्वशक्ती! पुढे जगभरच्या लहान होड्यांना अशी इंजिने लागली. जुनी इंजिने बहुतेक द्विघाती, म्हणजे टू-स्ट्रोक, असतात. त्यांची दुखणी ओळखण्यासाठी आधी त्यांच्या गरजा पाहू.

तीन गरजा

कोणत्याही पेट्रोल इंजिनाला तीन गोष्टी लागतात : योग्य प्रमाणात इंधन आणि हवा, वेळेवर ठिणगी आणि पुरेसा दाब. यांपैकी एक जरी कमी पडली तरी इंजिन अडखळते.

प्रमाण किती? १ किलो पेट्रोल पूर्ण जळण्यास सुमारे १५ किलो हवा लागते. हवा हलकी असल्याने १ लिटर पेट्रोलला जवळजवळ ९,००० लिटर हवा हवी! हे मिश्रण कार्ब्युरेटर तयार करतो. त्यातील अरुंद गळ्यातून हवा वेगाने वाहते. वेग वाढला की तेथील दाब कमी होतो आणि जेट नावाच्या बारीक छिद्रातून पेट्रोल वर ओढले जाते.

आता नाखव्याने एकदम वेग वाढवला की काय होते? हवा हलकी, ती तत्काळ धावते. पेट्रोल जड, ते जरा मागे राहते. चांगल्या इंजिनात ही तूट क्षणात भरून निघते. पण जेट निम्मे बुजलेले असेल, तर मिश्रणात पेट्रोल कमीच राहते. ठिणगी पडूनही ते नीट पेटत नाही. हाच तो आचका!

जेट बुजते कशाने? इंजिन महिनोन् महिने उभे राहिले की कार्ब्युरेटरमधील पेट्रोल उडून जाते आणि मागे चिकट राळ उरते. भारतात २०२५ पर्यंत पेट्रोलमधील इथेनॉलचे प्रमाण २० टक्क्यांपर्यंत नेण्यात आले. इथेनॉल पाणी शोषून घेते. पाणी फार झाले की ते इथेनॉलसह वेगळे होऊन टाकीच्या तळाशी बसते. शिवाय जुन्या काळच्या रबरी नळ्या इथेनॉलसाठी बनवलेल्या नसतात. त्या खराब होऊन त्यांचे कण जेटपर्यंत पोचतात.

तेलाचा डबा आणि टाकीचे झाकण

गोडेतेलाच्या डब्याला दुकानदार दोन भोके पाडतो. एकातून तेल बाहेर येते, दुसऱ्यातून हवा आत जाते. दुसरे भोक नसेल तर तेल अडखळत येते. होडीतील सुट्या टाकीच्या झाकणावरही हवेसाठी एक स्क्रू असतो. तो बंद राहिला, तर टाकीत हवा विरळ होत जाते आणि थोड्या वेळाने पेट्रोल येणे थांबते. झाकण उघडताच फुस्स आवाज आला आणि इंजिन पुन्हा चालू झाले, तर दोष सापडलाच म्हणून समजा. यासाठी एका पैशाचाही खर्च नाही!

इंजिनाला प्रश्न विचारा

कुशल मेकॅनिक लगेच पान्हा हाती घेत नाही. आधी तो इंजिनालाच प्रश्न विचारतो.

१. टाकीपासून येणाऱ्या नळीवर एक रबरी फुगा असतो. इंजिन मरू लागताच तो दाबावा. इंजिन सावरले, तर पेट्रोल पुरेसे पोचत नव्हते. मग नळी, गाळणी व इंधनपंप तपासावा. पंपातील पातळ पडदा जुना होऊन ताठर झालेला किंवा फाटलेला असू शकतो. फुगा चपटा होऊन बसला असेल, तर अडथळा टाकीच्या बाजूला आहे.

२. चोक थोडा ओढावा. त्याने हवा कमी होते. इंजिन सुधारले, तर मिश्रणात पेट्रोल कमी होते. फुगा दाबून फरक पडला नव्हता, म्हणजे संशय जेटवर.

३. दोन्हींनी फरक पडत नसेल, तर ठिणगीकडे वळावे. प्लग काढून पाहावा. तो काजळी व तेलाने माखला असेल, तर ठिणगी दुबळी पडते.

४. थंड असताना चालते, तापले की बंद पडते आणि निवल्यावर पुन्हा चालते, असे वारंवार होत असेल, तर ठिणगीची कॉइल तपासावी. उष्णतेने तिच्यातील दोष उघड होतो.

५. शेवटी दाबमापकाने प्रत्येक सिलिंडरचा दाब मोजावा. एकाचा दाब दुसऱ्यापेक्षा फारच कमी असेल, तर आतील कड्या झिजलेल्या असतील.

एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा यातील मुख्य नियम. प्लग, नळी आणि पेट्रोल एकदमच बदलले आणि इंजिन चालू लागले, तर दोष कशात होता ते कधीच कळणार नाही. प्रयोगशाळेतही आपण हेच करतो, नाही का?

मात्र एक सूचना. पेट्रोलची वाफ चटकन पेट घेते, म्हणून या तपासण्या जाणत्या माणसानेच मोकळ्या जागी कराव्यात. इंजिन पाण्याबाहेर कोरडे चालवू नये. ते थंड ठेवणाऱ्या पंपातील रबरी चाक पाण्याशिवाय काही क्षणांतच खराब होते. आणि इंजिन कितीही चांगले असो, होडीत वल्ही, नांगर व जीवरक्षक जाकिटे असलीच पाहिजेत.